लहान यंत्रशाळांचे अंकीकरण आणि कामगाराचे कौशल्य : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

लघुउद्योगाच्या अंकीकरणाचा विषय निघाला की चर्चा बहुधा यंत्राच्या किमतीपासून सुरू होते आणि कर्ज, अनुदान, संगणकप्रणाली या वळणांनी पुन्हा किमतीपाशीच येऊन थांबते. या चर्चेत कामगाराचा उल्लेख दोनच प्रकारे येतो. एक तर त्याची संख्या किती कमी करता येईल म्हणून, किंवा त्याला किती प्रशिक्षण द्यावे लागेल म्हणून. अंकीकरण प्रत्यक्षात घडवून आणणारा घटक म्हणून त्याच्याकडे फारसे पाहिले जात नाही. वस्तुतः यंत्राला जे अंक पुरविले जातात ते कोठून तरी यावे लागतात. पोलाद किती वेगाने कापावे, हत्यार कोठून आत घ्यावे, पातळ भिंतीचा भाग पकडताना किती दाब द्यावा, या प्रश्नांची उत्तरे पुस्तकांत अंशतः असतात. उरलेली यंत्रावर काम करणाऱ्याच्या हातात आणि कानात असतात. ती तेथून कागदावर आणि कागदावरून यंत्रात कशी गेली, हा इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात ‘अंकीकरण’ हा शब्द मर्यादित अर्थाने योजला आहे. धातुकामातील जी कृती पूर्वी कामगाराच्या निर्णयाने होत असे ती अंकांच्या रूपाने नोंदवून यंत्राकडून करवून घेणे, असा तो अर्थ होय. लेखाची व्याप्ती धातू कापणाऱ्या यंत्रशाळांपुरती असून अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी आणि महाराष्ट्र येथील अनुभवांचा त्यात विचार केला आहे. तीन प्रश्न समोर ठेवले आहेत. अंकांत गेलेले ज्ञान मुळात कोणाचे होते? अंकीय नियंत्रणाचा शोध लागूनही लहान यंत्रशाळा दीर्घकाळ त्यापासून दूर का राहिल्या? आणि ते लहान यंत्रशाळेत आले तेव्हा कामगाराच्या वाट्याला काय आले व त्याच्या हातून काय गेले?

कौशल्य मोजण्याचा पहिला प्रयत्न

हाताने चालविल्या जाणाऱ्या लेथवर टर्नर आराखडा वाचतो, जॉब पकडतो, फेऱ्यांचा वेग ठरवितो, किती खोल काप घ्यायचा ते ठरवितो आणि काम चालू असता हे सारे निर्णय बदलत राहतो. पोलादाचा निघणारा कीस पिवळसर आहे की निळा, यावरून त्याला उष्णतेचा अंदाज येतो. हत्यार थरथरू लागले की आवाज बदलतो आणि पाहण्यापूर्वीच हात चाकाकडे जातो. हे ज्ञान लिहिलेले नसते. उस्तादाजवळ उभे राहून ते घ्यावे लागते.

या ज्ञानाला अंकांचे रूप देण्याचा पहिला मोठा प्रयत्न संगणकाच्या फार पूर्वी झाला. फ्रेडरिक टेलर हा स्वतः शिकाऊ कामगार म्हणून यंत्रशाळेत शिरलेला आणि पुढे मिडव्हेल पोलाद कारखान्यात वरच्या पदास चढलेला अभियंता. धातू कापण्याच्या क्रियेवर त्याने सुमारे २६ वर्षे प्रयोग केले आणि १९०६ साली त्यांचे निष्कर्ष अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. कापण्याच्या वेगावर परिणाम करणारी १२ कारणे त्याने वेगळी काढली होती आणि त्यांचे गणित झटपट सोडविता यावे म्हणून त्याचा सहकारी कार्ल बार्थ याने खास सरकपट्ट्या तयार केल्या होत्या. टेलरचा हेतू उघड होता. यंत्र कसे चालवावे हा निर्णय कामगाराकडून काढून नियोजन कचेरीकडे द्यावयाचा होता. परंतु ते गणित उभे करण्यासाठी त्याला यंत्रशाळेतच जावे लागले, हेही तितकेच खरे. कामगाराच्या ज्ञानावाचून कामगाराच्या ज्ञानाची जागा घेता येत नाही, हा पेच तेव्हापासूनच अंकीकरणाच्या मुळाशी आहे.

अंकीय नियंत्रणाचा जन्म

यंत्राला अंकांनी हालविण्याची कल्पना अमेरिकेतील मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी या गावी आकारास आली. तेथील पार्सन्स कंपनी हेलिकॉप्टरची पाती बनवीत असे. पात्याचा वक्र तपासण्यासाठी लागणारा नमुनापट्टा अचूक कापणे हे कठीण काम होते. जॉन पार्सन्स आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी पंचकार्डांवर चालणाऱ्या गणकयंत्राच्या साहाय्याने वक्रावरील बिंदूंचे निर्देशांक काढले. त्यानंतरची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. एक जण यादीतील आकडे मोठ्याने वाची आणि दोन कामगार यंत्राच्या दोन दिशांची चाके त्या आकड्यांपर्यंत फिरवीत. जगातील पहिले अंकीय नियंत्रण असे माणसांच्या आवाजाने आणि हातांनी चालले.

१९४९ साली अमेरिकन हवाई दलाने या कल्पनेसाठी पार्सन्स कंपनीला कंत्राट दिले. पार्सन्स यांनी नियंत्रणाचा भाग मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे सोपविला. १९५२ साली तेथे एका मोठ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. छिद्रित फितीवरील अंक वाचून ते यंत्र तिन्ही दिशांना एकाच वेळी हालत होते. आकडे वाचणारा आणि चाके फिरविणारे दोघे, असे तिघेही या चित्रातून नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी शेकडो व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेले कपाट उभे होते. १९५६ पासून डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली त्याच संस्थेत या यंत्रांसाठी आज्ञावलीची एक स्वतंत्र भाषा विकसित होऊ लागली आणि १९५९ साली ती जाहीरपणे दाखविण्यात आली. ती वापरण्यासाठी मोठा संगणक आणि गणितज्ञ लागत. यंत्रशाळेपासून आज्ञावली आणखी एक पायरी दूर गेली.

न निवडलेला मार्ग

याच सुमारास दुसरी एक पद्धतही उपलब्ध होती. १९४६-४७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लोवेल होम्स यांनी ‘नोंदवा आणि पुन्हा चालवा’ या तत्त्वाचे नियंत्रण तयार केले. कुशल कामगाराने पहिला जॉब हाताने करावयाचा, त्या वेळच्या यंत्राच्या सर्व हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जावयाच्या आणि पुढचे जॉब यंत्राने त्या फितीवरून करावयाचे, अशी ती योजना होती. येथे आज्ञावली लिहिणारा गणितज्ञ नव्हता. कामगाराचे काम हीच आज्ञावली होती. ही पद्धत पुढे मागे पडली. याच कंपनीच्या प्रसिद्धी विभागात नोकरी केलेल्या कर्ट व्हॉनगट यांच्या ‘प्लेयर पियानो’ या १९५२ च्या कादंबरीत एका लेथ कामगाराच्या हालचाली अशाच फितीवर उतरवून घेतल्या जातात आणि नंतर कारखान्याला त्या कामगाराची गरज उरत नाही. कामगाराला सोबत घेणारी पद्धतही त्याला डावलू शकते, हे त्या कादंबरीकाराने वेळीच ओळखले होते.

ही पद्धत मागे का पडली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. डेव्हिड नोबल यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, निवड केवळ तांत्रिक गुणांवर झाली नाही. कामगाराच्या हातून नियंत्रण काढून कचेरीत नेण्याची व्यवस्थापनाची इच्छा आणि लष्कराचा पैसा या दोन्हींचा त्यात वाटा होता. तत्पूर्वी १९७४ मध्ये हॅरी ब्रेव्हरमन यांनी कल्पना आणि कृती यांची फारकत हे आधुनिक श्रमाचे लक्षण सांगताना अंकीय नियंत्रणाचेच उदाहरण घेतले होते. ब्रेव्हरमन स्वतः तांबटकाम शिकलेले कारागीर होते, हे येथे नमूद करावयास हवे. याउलट, विमानाच्या भागांचे गुंतागुंतीचे वक्र हाताने कापताच येत नसतील तर नोंदवायचे काय, हा आक्षेपही योग्य आहे. दोन्ही बाजू पाहता एवढे म्हणता येते की, विमान कारखान्याच्या गरजेतून घडलेले तंत्र सर्वच यंत्रशाळांसाठी आदर्श मानले गेले. लहान यंत्रशाळेतील बहुतेक जॉब साध्या दंडगोल आणि सपाट पृष्ठांचे असतात. त्यांना गणितज्ञाची गरज नव्हती.

मोठ्या कारखान्यांतही मानवविरहित यंत्राची अपेक्षा पूर्ण झाली नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या लिन येथील विमान इंजिन कारखान्यात अंकीय लेथ आल्यावर उत्पादन अडू लागले. तेव्हा १९६८ मध्ये कामगारांना अधिक अधिकार देणारा एक प्रयोग सुरू करण्यात आला. कामगारांचे वाढते स्वातंत्र्य व्यवस्थापनाला मानवेना आणि १९७५ मध्ये तो बंद पडला. हा वृत्तांतही नोबल यांच्या ग्रंथात सविस्तर आला आहे.

लहान यंत्रशाळा : जपान आणि जर्मनी

पहिली सुमारे वीस वर्षे अंकीय नियंत्रण लहान यंत्रशाळांत फारसे शिरले नाही. यंत्र महाग होते, आज्ञावलीसाठी बाहेरच्या संगणकावर अवलंबून राहावे लागे आणि फितीत एक चूक राहिली तर ती कचेरीत दुरुस्त होऊन येईपर्यंत यंत्र उभे राही. शंभर यंत्रांच्या कारखान्यात एक यंत्र उभे राहिले तर चालते. चार यंत्रांच्या मालकाला ते परवडत नाही. लहान यंत्रशाळेचे कामही थोड्या नगांचे आणि सतत बदलणारे असते. ज्या कामात दररोज नवा निर्णय घ्यावा लागतो तेथे निर्णय घेणारा माणूस यंत्रापासून दूर ठेवणे ही गैरसोयच होय.

ही स्थिती १९७१ नंतर बदलू लागली. त्या वर्षी इंटेल कंपनीने पहिला व्यापारी सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आणला आणि पुढील दशकात यंत्राच्या अंगावरच छोटा संगणक बसविणे शक्य झाले. सीएनसी या नावाने आपण ज्याला ओळखतो ते हेच. जपानमध्ये फुजित्सू कंपनीपासून १९७२ साली स्वतंत्र झालेल्या फॅनुकने ही नियंत्रके स्वस्त आणि भरवशाची केली. आता आज्ञावली यंत्रापुढे उभे राहून लिहिता येऊ लागली आणि तेथेच दुरुस्त करता येऊ लागली. तंत्रज्ञान कचेरीतून पुन्हा यंत्रशाळेत आले.

याचा परिणाम जपानच्या नागानो प्रांतातील साकाकी या छोट्या गावात स्पष्ट दिसतो. डेव्हिड फ्रीडमन यांनी ‘द मिसअंडरस्टूड मिरॅकल’ या १९८८ च्या ग्रंथात या गावाचा तपशीलवार अभ्यास केला आहे. तेथील घरगुती स्वरूपाच्या अनेक यंत्रशाळांनी अंकीय यंत्रे फार लवकर स्वीकारली. मालक हाच बहुधा पूर्वीचा कामगार असे. तोच आज्ञावली लिही, तोच यंत्र लावी आणि शेजारच्या यंत्रशाळेला अडचण आली तर तोच धावून जाई. यंत्रामुळे त्याला नवनवीन प्रकारची कामे घेता येऊ लागली. एकाच मोठ्या ग्राहकावरचे त्याचे अवलंबित्व त्यामुळे कमी झाले. म्हणजेच येथे अंकीकरणाने कौशल्याची जागा घेतली नाही. कौशल्याची बाजारातील पत वाढविली.

पश्चिम जर्मनीत वेगळ्या वाटेने हाच अनुभव आला. तेथील शिकाऊ कामगार कारखान्यात काम आणि शाळेत शिक्षण असे दुहेरी प्रशिक्षण घेतो. १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्याने या व्यवस्थेला देशव्यापी चौकट दिली. आर्न्ट सॉर्ज, माल्कम वॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ब्रिटन व पश्चिम जर्मनी यांची तुलना प्रसिद्ध केली. यंत्र तेच असूनही जर्मन कारखान्यांत आज्ञावलीचे काम यंत्रशाळेतील कामगारांकडे अधिक प्रमाणात होते आणि लहान कारखान्यांत ही प्रवृत्ती विशेष आढळली. अमेरिकेतही मेरीएलेन केली यांच्या १९९० च्या अभ्यासात असे दिसून आले की, मोठ्या कारखान्यांच्या तुलनेने लहान कारखान्यांत कामगारच आज्ञावली लिहितो असे अधिक वेळा घडते. तीन देशांतील हा पुरावा एकच गोष्ट सांगतो. श्रमाची विभागणी यंत्र ठरवीत नाही. ती कारखान्याचा आकार, प्रशिक्षणाची परंपरा आणि मालकाचा कामगारावरील विश्वास यांतून ठरते.

महाराष्ट्रातील वाटचाल

फॅनुक आणि सीमेन्स यांची हीच नियंत्रके पुढे भारतीय बनावटीच्या यंत्रांवर बसून महाराष्ट्रातील लहान यंत्रशाळांत आली. परंतु ती आली तेव्हा येथे कौशल्याची स्वतःची परंपरा अगोदरच उभी होती. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात औपचारिक शिक्षण नसलेल्या मिस्त्रींनी विहिरीवरच्या पंपासाठी आणि उसाच्या चरकासाठी लागणारी ऑईल इंजिने बनविली. एखादे परदेशी इंजिन खोलावे, त्याचे भाग मोजावेत आणि आपल्या ओतशाळेत तसेच ओतून पाहावेत, ही त्यांची शिकण्याची रीत होती. १९१० पासून किर्लोस्करवाडीने आणि १९२२ पासून साताऱ्याच्या कूपर कारखान्याने कृष्णाकाठच्या मुलखाला यंत्रकामाची सवय लावली होती. १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आणि १९६२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ यांनी या कौशल्याला संस्थात्मक आधार दिला. पुण्याच्या परिसरात टेल्कोच्या शिकाऊ प्रशिक्षणातून तयार झालेल्या कामगारांपैकी अनेकांनी पुढे भोसरी आणि चिंचवड भागात स्वतःची लेथ यंत्रे टाकली.

देशात अंकीय यंत्रे प्रथम सार्वजनिक क्षेत्रात आणि मोठ्या खाजगी कारखान्यांत आली. बंगळूरचे १९५३ चे एचएमटी आणि १९६२ ची केंद्रीय यंत्र-हत्यार संस्था यांनी त्यासाठी पायाभूत काम केले. लहान यंत्रशाळांपर्यंत ती पोहोचण्यास वाहन उद्योगाची वाढ कारण झाली. १९८५ मध्ये तत्कालीन औरंगाबादजवळ वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरविणाऱ्या यंत्रशाळा वाढल्या. बंगळूरची एस डिझायनर्स १९७९ पासून, तर राजकोटची ज्योती सीएनसी १९८९ पासून काम करू लागली होती. अशा देशी उत्पादकांमुळे आणि १९९१ नंतर आयात सुलभ झाल्यामुळे सीएनसी लेथ लहान मालकाच्या आवाक्यात येऊ लागला. बड्या ग्राहकाचा आग्रहही मोठा होता. हजार नगांत एकही माप चुकता कामा नये, अशी अट हाताच्या लेथवर पाळणे कठीण होते.

अशा यंत्रशाळेत नवे यंत्र आले म्हणजे सर्वसाधारणपणे काय घडत असे? यंत्र विकणाऱ्या कंपनीचा अभियंता येऊन थोडे दिवस शिकवून जाई. त्यानंतर यंत्र आणि जुना टर्नर एकमेकांसमोर उभे राहत. पडद्यावरील सूचना इंग्रजीत, कामगाराचे शिक्षण बहुधा दहावी आणि त्यापुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एक-दोन वर्षे. तरीही ‘जी झिरो वन’ म्हणजे हत्यार सरळ रेषेत कापत न्यायचे आणि ‘एम झिरो थ्री’ म्हणजे स्पिंडल फिरवायचे, ही संकेतभाषा त्याने आत्मसात केली. याचे कारण असे की, त्या संकेतांमागची कृती त्याच्या हाताला आधीपासून ठाऊक होती. किती फेऱ्या, किती फीड, कोठे थांबावे, हे आकडे त्याने छापील कोष्टकातून घेतले तरी अखेरीस आपल्या लेथवरील अनुभवाशी ताडून पाहिले. खिशातल्या वहीत जॉबनिहाय लिहून ठेवलेले हे आकडे म्हणजे महाराष्ट्रातील लघुउद्योगाच्या अंकीकरणाची पहिली हस्तलिखिते होत.

अंकांच्या मधल्या जागा

आज्ञावली तयार झाल्यावर कामगाराचे काम संपते, असा समज आढळतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. २५ मिलिमीटर व्यासाचा दंड कापणारे हत्यार दर नगागणिक किंचित झिजते आणि व्यास हळूहळू वाढत जातो. ऑपरेटर मायक्रोमीटरने माप घेतो आणि ०.०२ मिलिमीटर वाढ दिसली तर तेवढा ‘ऑफसेट’ यंत्राला देतो. किती नगांनी मोजावे आणि माप मर्यादेच्या आत असतानाच दुरुस्ती करावी की थांबावे, हे त्याला ठरवावे लागते. सकाळी थंड असलेले यंत्र दुपारी तापले की मापे सरकतात; त्याचाही हिशेब तोच ठेवतो.

कच्चा माल हा दुसरा भाग. ओतशाळेतून येणाऱ्या प्रत्येक कास्टिंगवर सारखाच धातू शिल्लक आहे, असे आज्ञावली गृहीत धरते. प्रत्यक्षात एखादे कास्टिंग एका बाजूला जाड असते, एखाद्यात कठीण डाग असतो, एखाद्यात वायूचे पोकळ छिद्र दडलेले असते. हत्याराचा आवाज बदलताच फीड कमी करणारा हात नसेल तर हत्यार तुटते आणि पूर्ण पाळी वाया जाते. ज्या यंत्रशाळेला उत्तम आणि एकसारखा कच्चा माल विकत घेणे परवडत नाही तेथे ही उणीव कामगाराचे लक्ष भरून काढते. म्हणून यंत्रशाळा जितकी लहान तितके अंकीकरण माणसावर अधिक विसंबून असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

येथे एका लहानशा वस्तूकडे लक्ष वेधावेसे वाटते. सीएनसी यंत्राच्या नियंत्रणफलकावर आज्ञावलीत बदल करण्याची मुभा देणारी एक किल्ली असते. ती बंद असली की ऑपरेटर यंत्र चालवू शकतो, परंतु आज्ञावली बदलू शकत नाही. मोठ्या कारखान्यात ती पर्यवेक्षकाच्या ताब्यात असणे स्वाभाविक मानले जाते. लहान यंत्रशाळेत ती पुष्कळदा कुलुपातच लटकलेली दिसते, कारण रात्रपाळीला अडचण आली तर बोलावण्याजोगा दुसरा कोणी नसतो. किल्ली कोणापाशी आहे, या प्रश्नाच्या उत्तरात यंत्रशाळेतील श्रमसंबंधांचा अर्धा इतिहास सामावलेला आहे.

तथापि या चित्राची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. यंत्रशाळा वाढली, यंत्रे दोनाची दहा झाली की ‘प्रोग्रॅमर’, ‘सेटर’ आणि ‘ऑपरेटर’ अशी श्रेणी तयार होते. पहिल्या दोघांच्या वाट्याला निर्णय येतात. तिसऱ्याच्या वाट्याला जॉब चढविणे, उतरविणे आणि गेज लावणे एवढेच उरते. जुन्या टर्नरने आकड्यांत उतरविलेले ज्ञान आता यंत्राच्या स्मृतीत असते आणि ते कमी पगारावरील कंत्राटी मुलाच्या हाती सोपविता येते. यंत्राचे मूल्य ताळेबंदात येते, त्यावरील घसाराही मोजला जातो. आज्ञावलीत मुरलेल्या अनुभवाची मात्र कोठेही नोंद होत नाही. व्हॉनगट यांच्या कादंबरीतील लेथ कामगाराची कथा कल्पित असली तरी तिच्यातील व्यवहार असा खराखुरा आहे.

संवेदकांचे युग आणि ‘का’ हा प्रश्न

२०११ मध्ये जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळाव्यात चौथ्या औद्योगिक क्रांतीची घोषणा झाली. भारतातही केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग’ उपक्रमाखाली काही केंद्रे उभी राहिली. पुण्यातील सी-फोर-आय-फोर प्रयोगशाळा त्यांपैकी एक होय. जुन्या यंत्रांवर संवेदक बसवून ती किती वेळ चालली, किती वेळ थांबली, याची माहिती मालकाच्या भ्रमणध्वनीवर देण्याची सोय आता लहान यंत्रशाळांनाही उपलब्ध आहे.

या टप्प्यावर कामगाराची भूमिका संपुष्टात येईल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु यंत्र थांबले एवढेच संवेदक सांगतो; ते का थांबले, हे माणसाला सांगावे लागते. हत्यार तुटले, माल आला नाही, वीज गेली, मापात शंका आली म्हणून तपासणीसाठी थांबविले, यांपैकी खरे कारण ऑपरेटर बटण दाबून नोंदवितो. त्याला ही माहिती आपल्याविरुद्ध वापरली जाईल अशी भीती वाटली, तर तो सर्वांत निरुपद्रवी कारण निवडतो आणि मालकाच्या हाती सुबक पण निरर्थक तक्ते येतात. माहितीचा खरेपणा हा अशा रीतीने तांत्रिक प्रश्न न राहता विश्वासाचा प्रश्न होतो. टेलरच्या घड्याळासमोर काम मुद्दाम संथ करणारा कामगार आणि पडद्यावर चुकीचे कारण निवडणारा कामगार, हे एकाच इतिहासाचे दोन टप्पे आहेत.

२०२० च्या टाळेबंदीने हे परावलंबन सर्वांसमोर आणले. परप्रांतीय कामगार गावी गेले आणि अनेक औद्योगिक वसाहतींत यंत्रशाळा पुन्हा उघडताना मनुष्यबळाची टंचाई जाणवली. आज्ञावल्या यंत्रांत होत्याच. त्यांतील आकड्यांचा अर्थ जाणणारे जागेवर नव्हते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, धातुकामाचे अंकीकरण म्हणजे कामगाराच्या ज्ञानाचे रूपांतर होय. ते ज्ञान वगळून केलेले प्रयत्न मोठ्या भांडवलाच्या आधाराशिवाय टिकले नाहीत. दुसरा असा की, अंकीय नियंत्रणाचा प्रसार लहान यंत्रशाळांत झाला तो आज्ञावली कामगाराच्या हाताशी आल्यानंतर. साकाकी, जर्मन यंत्रशाळा आणि भोसरी-कोल्हापूर यांच्या परिस्थितीत अंतर असले तरी या बाबतीत त्यांचा अनुभव जुळतो. तिसरा निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारा आहे. जो कामगार आपले ज्ञान यंत्राला देतो त्याला त्या ज्ञानावर कोणताही हक्क सांगता येत नाही. साकाकीत आज्ञावली लिहिणारा बहुधा मालक होता, म्हणून लाभ त्याच्याकडे राहिला. जर्मनीत प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राने आणि मजुरीच्या करारांनी त्याचा काही भाग कामगाराला मिळवून दिला. आपल्याकडे यांपैकी कोणतीच व्यवस्था लहान यंत्रशाळेपर्यंत पुरेशी पोहोचलेली नाही.

यातून धोरणाच्या दृष्टीने एक साधी अपेक्षा व्यक्त करता येते. लघुउद्योगास यंत्रासाठी साहाय्य देताना त्या यंत्रावरील कामगाराला आज्ञावली शिकविण्याची आणि त्याच्या पदनामात व वेतनात त्याची नोंद करण्याची अट असावी. ऑपरेटर म्हणून भरती झालेला कामगार सेटरचे काम करीत असेल, तर ते कागदावर दिसले पाहिजे.

महाविद्यालयांपुढेही याच संदर्भात एक काम आहे. हाताच्या लेथवर शिकून नव्वदीच्या दशकात सीएनसीकडे वळलेली कामगारांची पिढी आता निवृत्त होत आहे. दोन्ही युगे हातांनी अनुभवलेली ही महाराष्ट्रातील अखेरची पिढी ठरण्याचा संभव आहे. तिच्या खिशातील वह्या, डब्यात पडलेल्या जुन्या आज्ञावल्यांच्या छापील प्रती आणि तिच्या आठवणी ही इतिहासाची प्राथमिक साधने होत. कोणत्याही अभिलेखागारात ती जमा होणार नाहीत आणि यंत्र भंगारात गेले की तीही जातील. इतिहास, वाणिज्य आणि तंत्रशिक्षण या शाखांच्या अध्यापकांनी आपापल्या गावच्या औद्योगिक वसाहतीत विद्यार्थ्यांसह जाऊन या कामगारांच्या मुलाखती नोंदविल्या, तर एक मोठा ठेवा वाचेल. टेलरने २६ वर्षे खर्चून जे ज्ञान कामगारांकडून मिळविले ते कारखान्याच्या उपयोगासाठी होते. ते ज्ञान ज्यांचे आहे त्यांच्या नावाने आता नोंदविले गेले पाहिजे.